सहावी ते आठवीच्या टीम आणि वेळापत्रक: कोऱ्या कागदावर आधी काय लिहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या तुमच्या शाळेत सहावी, सातवी, आठवीचे प्रत्येकी चार सेक्शन आहेत आणि सेक्शनमध्ये ३८ मुलं, म्हणजे एका इयत्तेत १५२. नव्या प्राचार्यांनी सांगितलंय की यंदा शिक्षकांच्या टीम करा, मुलं नव्याने वाटा आणि त्यावर वेळापत्रक बसवा. वेळापत्रकाचा चार्ज तुमच्याकडे पहिल्यांदाच आलाय. तिसरी भाषा संस्कृत किंवा मराठी, सहावीत ८० मुलं संस्कृतची आणि ७२ मराठीची. आठवीचे विज्ञानाचे सर नववी-दहावीलाही शिकवतात. सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या मॅडम नोव्हेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदुरातच एकवीस वर्षं गणित शिकवतेय आणि त्यातली चौदा वर्षं शाळेचं वेळापत्रक माझ्या हातात आहे. कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी एकच गोष्ट लिहा: प्रत्येक टीमच्या, म्हणजे एका इयत्तेचे पाच मुख्य विषय शिकवणाऱ्या, पाचही शिक्षकांना एकाच वेळी मिळणारा मोकळा तास. आठवड्यातून दोनदा. गणित सकाळी हवं, पीटी मधल्या सुट्टीनंतर नको, कोणाला शेवटचा तास नको, या सगळ्या गोष्टी त्यानंतर. हे दोन तास नसतील तर टीम म्हणजे नोटिस बोर्डवरची पाच नावं. बहुतेक शाळांत टीमचा प्रयोग सहा महिन्यांत बारगळतो तो इथेच. टीम जाहीर होतात, पण त्यांना भेटायला वेळच ठेवलेला नसतो.

त्या तासात नेमकं काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. सातवीच्या टीमचा बुधवारचा तास होता. आम्ही पाच जण, टेबलावर पाच रजिस्टरं. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "सी मधली ती मुलगी गृहपाठ देतच नाही." इंग्रजीच्या म्हणाल्या, "माझा देते की, पण उशिरा." विज्ञानाच्या सरांनी रजिस्टर उघडून तारखा वाचल्या. मग मी माझ्या वाचल्या. सगळे सोमवार निघाले. मधे रविवार मिळतो म्हणून आम्ही पाचही जणांनी, एकमेकांना न विचारता, वह्या आणायचा वार सोमवार ठेवला होता. त्या मुलीच्या घरचा सराफ्यात भुट्ट्याच्या किसाचा ठेला होता. दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथे खाणाऱ्यांची गर्दी लोटते आणि शनिवार-रविवारी ती मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही. संध्याकाळपासून घरातले सगळे कणसं किसायला बसायचे, त्यात हीसुद्धा. तिला रविवार असा नव्हताच. त्याच तासात आम्ही वार वाटून घेतले: गणित मंगळवारी, हिंदी बुधवारी, विज्ञान गुरुवारी, इंग्रजी शुक्रवारी, सामाजिक शास्त्र शनिवारी. त्या एका मुलीपायी अख्ख्या इयत्तेचं सोमवारचं ओझं उतरलं. एकेकटे असतो तर आम्ही पाच जणांनी पाच वेळा पालकांना बोलावलं असतं आणि वहीत पाच शेरे मारले असते.

टीमची कल्पना आपली नाही, हे माहीत असलेलं बरं, कारण ती जशीच्या तशी उचलली की घोटाळा होतो. अमेरिकेत पूर्वी या वयाच्या मुलांची शाळा म्हणजे हायस्कूलची छोटी नक्कल असायची. प्रत्येक विषयाचा विभाग वेगळा आणि मूल या खोलीतून त्या खोलीत फिरणारं. १९६३ साली विल्यम अलेक्झांडर यांनी कॉर्नेल विद्यापीठात या वयासाठी वेगळ्या शाळेची कल्पना मांडली आणि पुढे त्या शाळांत चार-पाच शिक्षकांनी मिळून शंभर-सव्वाशे मुलांचा गट सांभाळायचा, ही पद्धत रुजली. तिथे प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, म्हणून त्यांची गुंतागुंत फार. आपल्याकडे सेक्शन खोलीत बसतो आणि शिक्षक फिरतात. त्यामुळे आपलं काम पुष्कळ सोपं आहे. तिकडचे तक्ते बघून दडपून जाऊ नका.

आता आकडे. तुमचा आठवडा मी असा धरते: सोमवार ते शुक्रवार आठ तास, शनिवारी पाच, एकूण ४५, प्रत्येक तास ४० मिनिटांचा. म्हणजे आठवड्याला ३० घड्याळी तास. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १,००० घड्याळी तास सांगितले आहेत, त्यात तुम्ही आरामात बसता. एका सेक्शनचे ४५ तास मी असे वाटते: इंग्रजी ७, गणित ७, हिंदी ६, विज्ञान ६, सामाजिक शास्त्र ६. हे झाले ३२ मुख्य तास. तिसरी भाषा ४. उरले ९: पीटी ३, कॉम्प्युटर २, चित्रकला २, संगीत १, वाचनालय १. चार सेक्शन सांभाळले की इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकाला २८ तास, बाकी तिघांना २४. म्हणजे एक इयत्ता, पाच मुख्य शिक्षक, एक टीम. तुमची शाळा जणू याच मापाने बांधलेली आहे.

सातवी-आठवीला हीच रचना ठेवा. सहावीसाठी मात्र मी थोडं वेगळं सुचवते. पाचवीपर्यंत मुलाला दिवसभर एक-दोनच चेहरे दिसतात. सहावीत एकदम दहा-अकरा. जून-जुलैत सहावीच्या वर्गांत जी धांदल दिसते, वह्या हरवतात, कोणत्या मॅडमनी काय सांगितलं ते आठवत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणून सहावीत दोन-दोन सेक्शनच्या दोन छोट्या टीम करा. एक शिक्षक गणित-विज्ञान दोन्ही घेईल: ७ आणि ६, तेरा दुणे २६ तास. दुसरा इंग्रजी-सामाजिक शास्त्र: तेही २६. हिंदीच्या मॅडम दोन्ही टीमना सामाईक, २४ तास. माणसं तेवढीच, पाच. दोन्ही टीमचे चारही शिक्षक एकेका सेक्शनचे वर्गशिक्षक होतात आणि हिंदीच्या मॅडमकडे समन्वय येतो. आपल्या वर्गशिक्षकाचे तेरा तास मुलाला आठवड्यात मिळतात, दिवसाला दोन तरी. गणित आणि विज्ञान एका शिक्षकाकडे असणं काही नवं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा असेच तीन गट धरले आहेत. अट एकच, दुसऱ्या विषयात शिक्षकाचा हात बसलेला हवा. इंग्रजीच्या मॅडमना नकाशा वाचून दाखवायला संकोच वाटत असेल तर जबरदस्ती करू नका, सहावीतही सरळ पाच जणांचीच टीम ठेवा.

आता तो एकत्र मोकळा तास येणार कुठून? पाचही शिक्षक एकदम मोकळे हवेत, तर त्या वेळी इयत्तेचे चारही सेक्शन दुसऱ्या कोणाकडे असायला हवेत. इथेच तुमची तिसरी भाषा कामाला येते. ए आणि बी यांची तिसरी भाषा एकाच वेळी ठेवा. दोन्ही सेक्शन मिळून ७६ मुलं, त्यातली ४० संस्कृतच्या सरांकडे ए च्या खोलीत, ३६ मराठीच्या मॅडमकडे बी च्या खोलीत. त्याच वेळी सी मैदानावर आणि डी कॉम्प्युटर लॅबमध्ये. पुढच्या वेळी सी-डी उलट. नंतर सी-डीची तिसरी भाषा, तेव्हा ए-बी मैदान आणि लॅब. ए-बीचे ४ आणि सी-डीचे ४, असे आठवड्यात आठ खाने झाले, ज्यांत सहावीचे पाचही मुख्य शिक्षक मोकळे आहेत. तीन इयत्तांचे मिळून २४. संस्कृतच्या सरांचे २४ तास, मराठीच्या मॅडमचे २४, दोघांचाही भार योग्य. पीटीचे एकूण ३६ तास होतात, त्याला दोन शिक्षक लागतील. तीन इयत्तांचे हे चोवीस खाने एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, एवढंच पथ्य. ४५ मधले २४ वेगळे काढणं कठीण नाही.

त्या आठांपैकी दोन खाने टीमचे म्हणून बंद करा. वेळापत्रकात तिथे "टीम तास" असं लिहा, खोलीचा नंबरही लिहा. रिकामा खाना दिसला की तो अरेंजमेंट रजिस्टरने, म्हणजे रजेवरच्या शिक्षकांचे तास दुसऱ्यांना वाटणाऱ्या वहीने, खाल्लाच म्हणून समजा. हे दोन तास पहिल्या तासाला ठेवू नका, तेव्हा वर्गशिक्षक हजेरीला हवेत. शनिवारी नको, कारण शनिवार आधीच पाच तासांचा आणि कार्यक्रमांनी भरलेला. मंगळवार आणि गुरुवार, किंवा बुधवार आणि शुक्रवार, मधल्या सुट्टीनंतरचा दुसरा तास, हे मला सगळ्यात मानवलेलं आहे. एका तासात फक्त मुलांविषयी बोला, दुसऱ्यात फक्त पाठांविषयी. दोन्ही विषय एका तासात आणले की पाठ मागे पडतात आणि मुलांच्या तक्रारीच चालू राहतात.

मुलं वाटण्याआधी माझी एक चूक सांगते, कारण तुमच्याकडेही तोच मोह उभा राहणार आहे. वेळापत्रक हाती आलं तेव्हा सुरुवातीच्या एका वर्षी मी तिसऱ्या भाषेप्रमाणे सेक्शन पाडले. मराठीवाले सगळे दोन सेक्शनमध्ये, संस्कृतवाले दोनमध्ये. कागदावर फार सुटसुटीत दिसलं, मुलांना खोली बदलावी लागणार नाही, भाषेचे शिक्षक सरळ वर्गावर जातील. दिवाळीपर्यंत अख्खी शाळा त्यांना "मराठी सेक्शन" म्हणू लागली. डब्यात पोहे आणि थालीपीठ एका मजल्यावर, पराठे दुसऱ्या. खो-खोची टीम निवडतानाही तीच फूट. आपल्या घरांत मराठी टिकावी म्हणून आपण तिसरी भाषा मराठी घेतो, आणि मी त्या मुलांना शाळेतच वेगळं बसवलं होतं. एका आईने मला विचारलं, "मॅडम, आमची मुलं वेगळी का बसवलीत?" माझ्याकडे सोयीखेरीज दुसरं उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी मी ते मोडलं, आणि मोडताना लक्षात आलं की मराठीची मुलं चारही सेक्शनमध्ये सारखी, अठरा-अठरा, वाटली तरच वर सांगितलेली जोडी जमते आणि टीमचा एकत्र तास निघतो. मराठीवाले सगळे ए-बी मध्ये बसवले तर ए-बीच्या भाषेच्या वेळी मराठीच्या मॅडमसमोर ७२ मुलं येतील आणि संस्कृतच्या सरांकडे चार.

मुलं वाटायला कॉम्प्युटर वापरू नका. १५२ कार्डं करा, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची. कार्डावर नाव, मुलगा की मुलगी, तिसरी भाषा, पाचवीच्या अखेरीस वाचन कसं आहे याची एक ते चार अशी खूण, गणिताची तशीच खूण, चष्मा, श्रवणयंत्र किंवा आणखी काही गरज असेल तर ती. मागच्या बाजूला मुलाने स्वतः लिहिलेली तीन मित्रांची नावं. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलं कार्डावर वेगळ्या रंगाने दाखवू नका. ती एकाच सेक्शनमध्ये गोळा होऊ नयेत यासाठी प्राचार्यांनी शेवटी त्यांच्याकडच्या यादीशी पडताळून बघावं, शिक्षकांच्या टेबलावर ती ओळख यायचं कारण नाही.

मग एक मोठं टेबल घ्या, पाचवीच्या चारही वर्गशिक्षकांना बोलवा आणि दोन-अडीच तास काढा. आधी मराठी आणि संस्कृत असे दोन गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा वाचनाच्या खुणेप्रमाणे लावा आणि पत्ते वाटल्यासारखा वाटा: ए, बी, सी, डी, मग उलट डी, सी, बी, ए. सरळ ए-बी-सी-डी असंच वाटत गेलात तर प्रत्येक फेरीत ए ला किंचित वरचं मूल जातं आणि शेवटी ए सेक्शन हुशारांचा होतो. असं वाटल्यावर मुलं-मुली सारख्या आहेत का पाहा, गणिताच्या खुणा पाहा, आणि अदलाबदल करा, पण नेहमी एकास एक. नंतर मित्रांची नावं. तीनपैकी एक तरी मित्र प्रत्येकाला आपल्या सेक्शनमध्ये मिळालाच पाहिजे, ही अट मी कधी सोडत नाही. नव्या वर्गात जेवायला कोणाशेजारी बसायचं, हा अकरा वर्षांच्या मुलाला अभ्यासाहून मोठा प्रश्न असतो. शेवटी पाचवीच्या शिक्षकांना विचारा, कोणाला वेगळं करायचंय. त्यांना हे नेमकं माहीत असतं, आणि त्यांना कोणी विचारत नाही. जुळी भावंडं असतील तर आईवडिलांना आणि त्या मुलांना विचारून ठरवा, त्यात शाळेचा नियम नको.

नवे प्रवेश जुलैपर्यंत येतच राहतात. तुमचे १५२ पक्के असतील तर ठीक, नाहीतर सुरुवातीला सेक्शन ३६ वर थांबवा आणि दोन-दोन जागा रिकाम्या ठेवा. सीबीएसईने सेक्शनसाठी ४० ची मर्यादा सांगितली आहे, तिला भिडून कधी सुरुवात करू नका.

हुशारीप्रमाणे सेक्शन पाडा, असं एखादा विश्वस्त किंवा पालक सुचवेलच. मी हे करत नाही आणि तुम्हालाही करू नका असं सांगेन. डी मध्ये बसवलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कळतं की शाळेने आपल्याविषयी काय ठरवलंय, आणि वर्षभर ते तसंच वागतं. ज्यांना वाचनात मदत हवी ती मुलं टीमच्या तासात शोधा आणि वाचनालयाच्या तासाला त्यांच्यासाठी वेगळं टेबल लावा.

याद्या लागल्यावर सेक्शन बदलायचे अर्ज येतील. इयत्तेची एकच टीम असण्याचा मोठा फायदा इथे दिसतो. चारही सेक्शनला तेच पाच शिक्षक, त्यामुळे "गणिताच्या चांगल्या मॅडम ए ला आहेत" हे कारणच उरत नाही. आमच्याकडे सातवी-आठवीचे अर्ज त्यामुळे जवळजवळ थांबले. सहावीत दोन छोट्या टीम केल्या तर ती मागणी थोडी परत येईल, तेवढी तयारी ठेवा. आम्ही पहिल्या दहा दिवसांतच, लेखी कारण असेल तर, आणि एकास एक अदलाबदल होत असेल तरच बदल करतो.

वेळापत्रक भरायला सॉफ्टवेअर जरूर घ्या. एफईटी नावाचं मोफत मिळतं, एएससी विकत मिळतं, दोन्ही चालतात. पण त्यात शिरण्याआधी पेन्सिलीने कागदावर तीनही इयत्तांचे टीम तास, भाषेच्या जोड्या आणि नववी-दहावीशी सामाईक शिक्षकांचे तास पक्के करा आणि सॉफ्टवेअरला सांगा की यांना हात लावायचा नाही. मग घोडं अडेल. हमखास अडतं. तेव्हा टीम तास सैल करू नका, हौसेच्या अटी सैल करा. गणित पहिल्या चार तासांतच हवं, ही त्यातली सगळ्यात लाडकी अट. मी स्वतः गणिताची, मलाही ते हवं असतं. पण हिशेब बघा: गणिताच्या शिक्षकाचे २८ तास आणि आठवड्यात पहिल्या चार तासांच्या जागा सहा दिवस धरून २४. बसणारच नाही. त्याऐवजी एवढंच बघा की कोणत्याही एका सेक्शनचं गणित सारखं शेवटच्या दोन तासांत अडकत नाही, आणि शक्यतो कोणाही शिक्षकाला सलग तीनहून जास्त तास येत नाहीत.

एक आणखी काम हातानेच करा. आठवड्यात एका सकाळी, समजा मंगळवारी, पहिले चार तास इयत्तेच्या चारही सेक्शनला फक्त मुख्य विषय ठेवा. त्या वेळी इयत्तेत बाहेरचा कोणी शिक्षक नसतो, म्हणून टीम आपापसांत हवी तशी अदलाबदल करू शकते. दोन तास जोडून ८० मिनिटांचा प्रयोग, दोन सेक्शन एकत्र, सगळ्यांना घेऊन बाहेर, काहीही. शाळेच्या बाकी वेळापत्रकाला धक्का लागत नाही. आमच्या सहावीने याच सकाळी कचऱ्याचा प्रकल्प केला. शहरांच्या स्वच्छतेच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ इंदूरचा पहिला नंबर आला, हे मुलांना तोंडपाठ असतं, पण आपल्या डब्यातलं किती टाकलं जातं ते माहीत नसतं. आठवडाभर सेक्शनचा ओला कचरा वजनकाट्यावर ठेवला. विज्ञानात तो कुजतो कसा, गॅस कशाचा होतो. सामाजिक शास्त्रात महापालिका काय करते. गणितात मी त्रैराशिक घेतलं: ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प, जो फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला ५५० टन. आपला वर्ग एवढा कचरा साठवायला किती वर्षं घेईल? उत्तर फळ्यावर आलं तेव्हा वर्ग गप्प झाला, आणि मग कोणीतरी म्हणालं, "मग बाकी एवढा कोण टाकतं?" पुढचा मंगळवार त्या प्रश्नावर गेला. चाळीस मिनिटांच्या सुट्या तासांत हे झालं नसतं.

आठवीच्या विज्ञानाच्या सरांचा प्रश्न तुम्हाला एकटीला सुटणार नाही. बोर्डाच्या वर्गांचं वेळापत्रक आधी होतं आणि उरलेसुरले खाने मिडलला, म्हणजे सहावी ते आठवीला, मिळतात, ही बहुतेक शाळांची रीत. प्राचार्यांकडे जाऊन नववी-दहावीचं वेळापत्रक सुरू होण्याआधी फक्त सहा खाने मागा, तीन इयत्तांचे दोन-दोन टीम तास. त्यांनीच टीम करायला सांगितलंय, तेव्हा ही मागणी रास्त आहे. सर त्या दोन तासांत दहावीवर नसतील, एवढीच अट. प्रॅक्टिकलचे जोडतास आधी विचारून घ्या, तिथेच टक्कर होते.

अरेंजमेंटचा नियम जूनमध्येच ठरवून प्राचार्यांच्या सहीने लावा. कोणी रजेवर असेल तर त्याचा तास आधी त्याच टीममधल्या मोकळ्या शिक्षकाने घ्यायचा आणि आपला विषय शिकवायचा. मुलं ओळखीची, धडा पुढे सरकतो, आणि रजेवरचे शिक्षक परत आल्यावर तो तास फेडतात. टीम तासाला हात लावायचा नाही. एकदा लावला की दुसऱ्यांदा कोणी विचारतही नाही.

थंडीत कलेक्टरचा आदेश आला की शाळा उशिरा भरते आणि तास ३५ किंवा ३० मिनिटांचे होतात. त्या दिवसांचं आखूड वेळापत्रक आत्ताच करून ठेवा, त्यातही टीम तास आखूड का होईना, असू द्या. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असतो, त्या दिवशी चाचणी ठेवू नका. गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, रंगपंचमीचंही तसंच.

राहिल्या रजेवर जाणाऱ्या मॅडम. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, म्हणजे नोव्हेंबरपासून त्यांचं वर्ष संपल्यातच जमा धरा. पण त्यामुळे त्यांना वर्गशिक्षक करायचं नाही, असं परस्पर ठरवू नका. त्यांना विचारा. आमच्याकडे एका मॅडमनी ऑक्टोबरपर्यंत वर्ग घेतला आणि मुलांना स्वतःच सांगितलं, त्या वर्गाने ती बदली फार सहज घेतली. दुसरा मार्ग म्हणजे सातवीच्या टीममधले जे पाचवे, बिनवर्गाचे शिक्षक आहेत, त्यांना जूनपासूनच त्या सेक्शनचे सहवर्गशिक्षक करा. बदली शिक्षक नोव्हेंबरच्या एक तारखेला आणू नका, ऑक्टोबरच्या मध्यावर आणा, दोन आठवड्यांचा पगार जास्त जाईल एवढंच. त्यांना तेच २४ खाने द्या, बाकी कोणाचं काही हलवू नका. आणि पहिल्या दिवशी त्यांना थेट वर्गावर पाठवू नका. आधी टीमच्या टेबलावर बसवा आणि चारही सेक्शनची कार्डं त्यांच्यासमोर ठेवा.